बशीतला पाला

गंगापूर रोड, नाशिक
८ जुलै २०२४

ती. मैनाआत्यास सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे. आत्या, तू जखमेवर वाटून लावतेस तो दगडीपाला पास झाला. आम्ही लॅबमध्ये काचेच्या बशीत जखमेतले जंतू वाढवले, वर पाल्याचा अर्क टाकला, तर जंतू मेले. पानाचा तुकडा बाटलीत वाढवून त्याचा अर्क काढला, त्यानं तर आणखी मेले. तसंच एक रोप बाटलीसकट पाठवतेय. शेजारच्या भिकाकाकांना सांग, ते तुला डॉक्टरीणबाई म्हणतात ना, त्या बाईंना आता कॉलेजचा शिक्का लागला.

सार्थक तुझी आठवण काढतो. लोभ असावा, नागलीचे पापडही असावेत.

तुझी भाची,
योगिनी

इगतपुरी
१९ ऑगस्ट

चि. योगिनीस आशीर्वाद.

फोनवर तू हसून विषय बदलतेस, म्हणून कागद. आमची सून हर्षाली परवा तुझ्याकडून आली. म्हणाली, सार्थकचा गुडघा पिकला तवा ताईनं त्याला लगेच दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू केल्या. मी इचारलं, पाला का नाय लावला? तर म्हणे, ताई म्हणते तो अजून माणसावर तपासलेला नाय.

मग मला का नाय सांगितलं? रानातला पाला तुझ्या डिग्रीला चालतो, तुझ्या पोराला चालत नाय. तुझं पत्र मी भिकाला वाचून दाखवलं. त्याला साखर हाय, पायाच्या अंगठ्याची जखम भरंना. नाशिकला दाखवायला निघाला होता. पत्र ऐकलं आन भरलेली पिशवी खुंटीला लावली. तवापासनं मीच पाला वाटून लावते.

खरं काय ते लिही. गोड लिहू नको.

मैना

नाशिक
२१ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न.

पत्र आत्ता मिळालं. तू फोन उचलेनास, म्हणून हर्षालीला सांगितलंय, भिकाकाकांना आजच इकडे घेऊन ये. मी दवाखान्याच्या दारात थांबते.

बशीत जंतू मारणं सोपं असतं गं. तिथं रक्त नसतं, साखर नसते. हे मला ठाऊक होतं. तू खूश होशील म्हणून पुढचं लिहिलंच नाही. काकांचं नाव मी थट्टेत घेतलं. रागाव, पण फोन उचल.

योगिनी

इगतपुरी
९ सप्टेंबर

चि. योगिनीस आशीर्वाद.

भिका घरी आला. अंगठा काढला, पाय राहिला. तू रोज त्याला डबा नेलास, हे हर्षालीनं सांगितलं. ते मी मानते.

तुझं दुसरं पत्रबी मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, कॉलेज कुणी बघितलंय मैनाबाई, मी तुझ्या तोंडाकडं बघून थांबलो. आन पोरी, मी तुझ्या तोंडाकडं बघून बोलले. आता मी कुणाच्या तोंडाकडं बघू?

गल्लीत कुणाला लागलं की अजून माझ्याकडंच येतात. मी पाण्यानं धुते आन दवाखान्याची वाट दाखवते.

तुझी बाटली हर्षालीच्या हाती परत देतेय. रोप चांगलं वाढलंय, त्याचा काय दोष.

लोभ हाय, तो तोडून तुटत नाय. येशील तवा पापड मिळतील. पण आधी भिकाच्या ओट्यावर जाऊन बस. तो ऊठ म्हणाला की मग माझ्याकडं ये.

मैनाआत्या