मिस ऑलिव्हच्या तळाशी माझा दगड

मी, ओटिली मार्टिनो, वय एकाहत्तर, लग्न न केलेली, राहणार 'मिस ऑलिव्ह' या शिडाच्या बोटीवर, सध्या नांगर विंडवर्ड गावासमोर, कॅरियाकू बेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि खुशीत लिहून ठेवते. कोणाचा दाब नाही, रमचा थेंब घेतलेला नाही. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके थकले आहे असे फक्त माझा थोरला भाऊ अँसेल्म म्हणतो, म्हणून एवढे लिहावे लागते आहे.

१. 'मिस ऑलिव्ह' ही बोट, शिडे, डोलकाठी, दोन्ही नांगर आणि स्वयंपाकाच्या भांड्यांसकट, माझी भाची केर्लिन हिला देते. केर्लिन अँसेल्मचीच मुलगी. सहा वर्षे माझ्याबरोबर बोटीवर राहते आहे आणि झोपेतसुद्धा वाऱ्याची दिशा सांगते.

ही बोट बाबांनी आणि मी डोंगरातल्या देवदाराची बांधली. १९७९ साली ती पाण्यात सोडली. आमच्या रिवाजाप्रमाणे बोटीलाही धर्मपिता लागतो, तो अँसेल्म झाला. टेकूचे शेवटचे लाकूड त्याने कुऱ्हाडीने तोडले आणि सारा गाव दोर ओढत होता. पुढे बाबा वारले आणि जाताना बोट माझ्या नावे करून गेले. त्या दिवशी अँसेल्म म्हणाला, "बाईच्या हातात सुकाणू? मी या बोटीवर पाय ठेवणार नाही." अठ्ठावीस वर्षे झाली, त्याने शब्द पाळला आहे. हट्ट आमच्या रक्तातच आहे, त्यात मी त्याला दोष देत नाही.

२. मृत्युपत्र केले नाही तर कायद्याने बोट अँसेल्मला जाते. ती वाळूवर ओढून, पोटाला दार पाडून, तिथे रमचे दुकान काढायचा त्याचा बेत आहे. हे त्याने मला तोंडावर सांगितले. "म्हातारपणी आईचं नाव लावलेली बोट लाटांवर का हिंदकळत ठेवायची? जमिनीवर सुखात राहील." सुखात! अहो, बोट जमिनीवर ठेवली की तिच्या फळ्या वाळतात आणि मधल्या फटी उघडतात. माझेही तसेच होईल, म्हणून मी घरी राहायला गेले नाही.

३. आता दगडाविषयी. १९९१ साली मी एकटी पश्चिमेच्या बेटांकडे निघाले. अँसेल्म किनाऱ्यावरून ओरडला, "जा, जा! तुरीचे दाणे शिजायच्या आत परत येशील!" पहिल्याच वादळात बोटीमागे बांधलेली छोटी होडी दोर तोडून गेली आणि 'मिस ऑलिव्ह' असे लिहिलेली ती होडी रिकामीच बोनेर बेटाच्या किनाऱ्याला लागली. गावाने मला बुडाली असे धरले. मी मात्र सान ब्लासच्या बेटांमध्ये मासे खात, शिडे शिवत मजेत होते. रोज सकाळी डेकवर कॉफी प्यायची आणि आज कुठल्या बेटाला जायचे ते आपले आपण ठरवायचे. असे सुख मी कधीच पाहिले नव्हते. परत यायला वाऱ्याविरुद्ध सात महिने लागले. मी पाठवलेली पत्रे माझ्यानंतर पोचली.

ज्या दिवशी पोचले, त्या दिवशी गावात माझ्या थडग्याच्या दगडाचे जेवण होते. दगड थडग्यावर बसला की मेलेल्याला शांती मिळते, असे आम्ही मानतो. माझा दगड घरातल्या माझ्याच पलंगावर पांढऱ्या चादरीखाली झोपवला होता. टेबलावर पितरांचे ताट वाढलेले होते, ज्याला कोणी जिवंत माणूस हात लावत नाही. मला भूक लागली होती. मी बसले आणि जेवले. मावशी किंचाळून पळाली. अँसेल्म दारात पांढराफटक उभा होता. मी विचारले, "काय रे दादा, शिजले का दाणे?"

तो रडला. हेही इथे नमूद करते, कारण तो नाकारेल.

दगड मी घेऊन आले आणि बोटीच्या तळाशी, तोल राखायच्या वजनात, नाव वर करून ठेवला. पंचवीस वर्षे त्याच्यावर उभी राहून मी स्वयंपाक केला आहे. तो बोटीतून काढू नये. मला मातीत बाबांच्या शेजारी पुरावे, पण थडग्यावर दगड बसवू नये. दगड बसला नाही तर मला शांती मिळणार नाही, असे कोणी म्हणेल. मला शांती नको आहे. बोट जिथे जाईल तिथे जायचे आहे.

४. बाबांचा लाकूड तासायचा वाकस आणि शिडे शिवायच्या सुया केर्लिनला. बँकेत जे असेल त्यातून एक मेंढा आणि दाण्यांचे मोठे पातेले घेऊन गावाला जेवू घालावे. उरलेल्याचे दोर घ्यावेत.

५. अँसेल्मला काही देत नाही. घरातला माझा हिस्सा मी पूर्वीच त्याच्या नावे केला. शिवाय कायदा सांगतो की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, आणि दोन साक्षीदारांपैकी एक मला तोच हवा आहे. नुसत्या परक्यांनी सही केली तर तो कोर्टात जाऊन म्हणेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली होती. तर त्याने स्वतः यावे, मला पाहावे आणि सही करावी. सही बोटीवरच होईल. मी यासाठी जमिनीवर येणार नाही.

हे लिहीत असताना तो वाळूवर उभा आहे. केर्लिन होडी घेऊन गेली आहे. "बाबा, बसता की पोहत येता?" असे ती विचारते आहे, मला इथपर्यंत ऐकू येते. पाऊण तास झाला. वारा चांगला पूर्वेचा आहे. त्याने आता बूट काढले.

ठिकाण : 'मिस ऑलिव्ह'चे डेक, विंडवर्ड, कॅरियाकू. तारीख : १४ मार्च २०१८.

सही : ओटिली मार्टिनो

साक्षीदार : हेस्केथ ब्रिस्टो, शिडे शिवणारा, विंडवर्ड. सही केली.

साक्षीदार : अँसेल्म मार्टिनो, वय अठ्ठ्याहत्तर, या बोटीचा धर्मपिता. बोटीवर येऊन सही केली. बाई शहाणी आहे. तळाचा दगड पाहिला, नीट बसला आहे. दाणे चुलीवर ठेवून आलोय, ओटिली. जेवायला ये.