मान खाली

महाल, नागपूर
श्रावण शुद्ध पंचमी, १९७१

माननीय डॉक्टर बाईंना,
सौ. यमुना बोकारेचा नमस्कार.

मेडिकलच्या मुलाखतीला माझी कुंदा तुमच्यासमोर बसली होती. मार्क भरपूर, तरी यादीत तिचं नाव नाही. "पोरगी हुशार आहे, पण तोंडच उघडत नाही. रोग्याशी काय बोलेल?" असं तुम्ही म्हणालात म्हणे.

ती बोलते हो, बाई. घरी तिला गप्प बसवावं लागतं. मीच शिकवून पाठवलं होतं, की नजर वर करायची नाही, विचारलं तेवढंच हळू आवाजात सांगायचं. मी मॅट्रिक झाले, पण मुलाखत अशी एकच दिली, यांच्याकडची माणसं मला पाहायला आली तेव्हा. तशी बसले म्हणूनच पसंत पडले.

तिला पुन्हा बोलवा, एवढंच मागायचं होतं. हे म्हणतात, "लागलेली यादी बदलत नसते, कशाला पाकीट वाया घालवतेस?" म्हणून हे पत्र देवघरात रामरायापुढेच ठेवते.

रविवारी खापरखेड्याची माणसं कुंदाला पाहायला येत आहेत. मघाशी पोहे निवडताना ती म्हणाली, "आई, या वेळी मान वर ठेवू का खाली?"

मी पोहेच निवडत राहिले.

आपली नम्र,
कुंदाची आई