बोंबील वाळवायची जागा

आये, काल ऑफिसात माझ्यासमोर एक नकाशा उघडला आणि त्यात आपलं उत्तन होतं. मी बेव्हर्ली पार्कातल्या एका कंपनीत नकाशे करते, हे तुला माहीत नाही. तू गेल्यानंतरची ही नोकरी. संध्याकाळी कुठल्या गल्लीत किती माणसं फिरतात, औषधाचं दुकान कुठे टाकलं तर चालेल, हे आम्ही लोकांच्या फोनवरून काढतो आणि विकतो. माणसांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून मी स्वतःच्या फोनवर लोकेशन बंद ठेवते. बाकीचे हसतात. हसू देत.

कालचा नकाशा एका बिल्डरसाठी होता. घरामागची आपली बोंबील वाळवायची जागा त्यात राखाडी होती, म्हणजे मोकळी, कोणाच्याच वापरात नसलेली. पाऊस संपता संपता सर्वेक्षणवाल्यांनी ड्रोन उडवला, तेव्हा बोंबील टांगायचे बांबू उतरवून ठेवलेले होते. वरून नुसती माती दिसली.

मला लहानपणचा एक दिवस आठवतो. मी नऊ-दहा वर्षांची. जमीन मोजायची टेप घेतलेला एक माणूस येतो, गोड बोलतो, आणि मी त्याला बोट करून दाखवते, हा बांबू आमचा, तो आत्याचा. तू स्वयंपाकघरातून तशीच धावत येतेस, हाताला खवले चिकटलेले, आणि माझ्या पाठीत धपाटा घालतेस. त्याला सांगतेस, "कोनाची न्हाय ती जागा. आमाला काय ठावं न्हाय." मग मला आत नेऊन चुलीवर सुका बोंबील भाजून देतेस आणि बजावतेस, "कागदवाल्याला काय बी सांगायचं न्हाय. लिवलं का गेलं." तो बोंबील मी रडत रडत खाल्ला. तुझा राग आला होता, आणि तुझंच बरोबर आहे असंही वाटलं होतं.

ड्रोननंतर चार दिवसांनी सर्वेक्षणाचीच, टॅब घेतलेली एक मुलगी आपल्या दारात आली. घामाघूम, बोलायला नम्र. "आंटी, ये पीछे वाली जगह किस काम आती है?" जे कोणी सांगत नाही ते नकाशात रिकामं होतं, हे गावात माझ्याइतकं कोणाला कळतं? ते रंग रोज मीच भरते. तरी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "मालूम नहीं. किसी की नहीं है." तिनं टॅबवर बोट टेकवलं आणि ती गेली. मला तर हुशारी केल्यासारखं वाटलं.

आत्या अजून तिथेच वाळवते. काल तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "जागा गेली तं बोंबील कुठं टाकू गो?"

आज आत्याच्या नावानं त्या सर्वेक्षणावर हरकतीचा अर्ज भरला. वापर, मासळी सुकवणे. खाली एक रकाना होता, सर्वेक्षणाच्या वेळी माहिती कोणी दिली? हे पत्र कोणाच्या हाती लागू नये म्हणून तुझ्या कागदांच्या डब्यात तळाशी ठेवणार आहे, म्हणून तुला सांगते. त्या रकान्यात मी लिहिलं, घरी कोणी नव्हतं. आत्यानं वाचून दाखव असंही म्हटलं नाही. खाली अंगठा उठवला.