डब्यांवर चिकटवलेलं इंग्रजी

ठमे,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी लाँड्रीत परत जातेय. मालकिणीचे पाय धरले, तेव्हा कुठे तिने पुन्हा कामावर घेतलं.

हॉटेलच्या काउंटरची मुलाखत छान झाली, असं काल तुला खोटंच सांगितलं. डब्यांवरच्या तुझ्या चिठ्ठ्या काढून टाकल्यात, रागावू नकोस. आईचा जन्म चुलीपुढे गेला, तेव्हा खाण्यापिण्याचे इंग्रजी वाक्प्रचार तिला पटकन येतील, हा तुझा अंदाज बरोबरच होता. आलेही. मिठाच्या डब्यावरचं ‘पिंच ऑफ सॉल्ट’, मैद्यावरचं ‘पीस ऑफ केक’, दुधाच्या पातेल्यावरचं ते सांडलेल्या दुधाचं. एकोणतीस तोंडपाठ होते, अर्थासकट.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्यातला एकही विचारला नाही. म्हणाल्या, स्वतःबद्दल काहीतरी सांगा. मी पिशवी उचलून बाहेर आले.

इंग्रजीचं सोड. येताना बसमध्ये मनातल्या मनात मराठीत सांगून पाहिलं. ‘मी ठमीची आई’ याच्यापुढे गाडी सरकली नाही. घर आलं, तरी नाही.

गॅस आठवणीने बंद कर.

आई