भुंगेऱ्याच्या पायावरचा केस

प्रिय भुंगेबाई,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. जमलं एकदाचं! काल दुपारी चार वाजता मी लॅपटॉपच्या काचेवर भुंगेऱ्याच्या पायावरचा एक केस काढला, मुळाशी जाड आणि टोकाशी दिसेल न दिसेल असा, एकाच ओढीत. इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरून फुलपाखरंवाले काका धावत आले. त्यांना वाटलं, पुन्हा कुणीतरी नमुन्याची बरणी फोडली.

तू संग्रहालयात यायची थांबलीस आणि महिन्याभरात साहेबांनी हे यंत्र आणलं. तुझं भुंगेऱ्यांचं पुस्तक शेवटच्या अकरा चित्रांवर अडलंय, आणि ती आता यावर भराभर होतील असं त्यांना कुणीतरी भरवून दिलं होतं. सोबत एक पेन. जितकं दाबाल तितकी रेघ जाड, असं खोक्यावर छापलेलं. मी दाबलं. रेघ आपली सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच. त्या रेघेनं केस काढले की भुंगेऱ्याच्या पायाला खराटा बांधल्यासारखं दिसायचं.

पहिल्याच दिवशी माझी जी फजिती झाली ती ऐक. केस काढायचा तो स्वतःकडे ओढून, आणि त्यासाठी कागद फिरवायचा, ही आपली सवय. मी आख्खा लॅपटॉप फिरवला. पडदा मागे दुमडला की त्याची पाटी होते, ती आपल्या उतरत्या टेबलावर ठेवलेली. मी फिरवली की आतलं चित्र आपोआप फिरून पुन्हा सरळ. मी परत फिरवली, ते परत सरळ. अर्धा तास आमची झोंबी चालली होती आणि साहेब दारात उभे राहून बघत होते. शेवटी लेकीनं फोनवर ते फिरणं बंद कसं करायचं ते सांगितलं, आणि वर आठवडाभर मला चिडवलं.

मग पेनच बिघडलंय असं ठरवून दुकानदाराशी भांडले. बिचाऱ्यानं दुसरं पाठवलं. तेही ढिम्म. त्यानंतर बरेच महिने मी ते तसंच पडू दिलं. पण गेल्या आठवड्यात साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही तर पुस्तक अकरा चित्रांवाचूनच छापायला देतो. तुझी सात वर्षांची मेहनत अशी लंगडी छापायची? माझं डोकंच फिरलं. चित्रांच्या प्रोग्रॅममधली एकेक खिडकी उघडत बसले. एका कोपऱ्यात जोडलेल्या वस्तूंची यादी सापडली. तिच्यात आपलं पेन होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, बंद. म्हणजे इतके महिने तो प्रोग्रॅम पेनाला माऊस समजत होता, आणि माऊसला कुठला आलाय जोर? मी ते चालू केलं, नाचले, घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद, कारण बाईसाहेबांनी 'जतन करा' दाबलंच नव्हतं. हस, हस, तुला हसायचा हक्क आहे.

जतन केल्यावर नवंच दुखणं. काकांनी ओढली की रेघ झकास, मी ओढली की अशक्त. बराच वेळ कळेना. मग ट्यूब पेटली. दाबू नका, निब फाकेल, निब फाकेल, असं आपल्याला शिकवणाऱ्या बाई कानीकपाळी ओरडायच्या ना? त्यांनी आपला हात इतका हलका करून ठेवलाय की त्या पेनाला आपला जोर हा जोरच वाटत नव्हता.

त्याच यादीत पेनाखाली एक चौकोन आहे. त्यात खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात जाणारी एक तिरकी रेघ. हातानं किती दाबलं की काचेवर किती जाड उमटायचं, हे ती ठरवते. ती मधोमध धरून वर ओढायची. जितकी वर, तितकं थोड्या जोरात भागतं. मी ती हळूहळू वर नेत गेले आणि काल चारला तो केस उतरला.

काका खाली गेले आणि मी पुन्हा पेन उचललं. मला तुझा उजवा हात आठवत होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टर म्हणाले होते, पकड येईल, वळण येईल, जोर येणार नाही. त्याच आठवड्यात तू तुझ्या निबांचा डबा माझ्याकडे पाठवून दिलास, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. मला तुझा भयंकर राग आला होता, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. काल मी ती तिरकी रेघ पार वरच्या कडेला नेऊन चिकटवली. पेन दोन बोटांत सैल धरलं, तू हल्ली चमचा धरतेस तसं, आणि हातातला सगळा जोर सोडून दिला. वीस केस काढले. पहिले दहा-बारा टाकाऊ, पुढचे बरे, शेवटचे दोन चक्क छापण्याजोगे. नुसतं टेकवायचं आणि उचलायचं गं, दाबायचं नाहीच.

आता खरं सांगते. ती अकरा चित्रं साहेबांनी मला करायला सांगितली होती, पुस्तकावर तुझ्या नावाखाली माझं नाव घालून. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. आठ महिने फक्त एवढंच सांगत राहिले की हे यंत्र चालत नाही. ते चालत नाही याचं मला बरंच वाटायचं. कालच्या माझ्या ओरडण्यानं तेही कारण संपलं. साहेबांनी ऐकलंय, सोमवारी विचारणार. म्हणून रविवारी सकाळी दहाला मी लॅपटॉप घेऊन तुझ्याकडे येतेय. झोपलीय, बरं नाही, असलं काही कळवू नकोस. एक केस ओढून बघ, वाकडा आला तरी चालेल. तुझे भुंगेरे मला काढायला लावू नकोस. मला येतात, पण मला ते काढायचे नाहीत.

तुझीच,
शेजारच्या टेबलावरची