रिकामी मांडी

३ फेब्रुवारी, धारूर
आलो बुवा एकदाचा. किल्ल्याच्या पायथ्याला बायनाबाईंची खोली भाड्यानं मिळाली. दारासमोर चिंच, चिंचेवर वानरांची टोळी. हयात एसटीच्या डेपोत नटबोल्ट आवळण्यात गेली; कॅमेरा साठीनंतर मोबाईलवर बघून बघून शिकलो. महिनाभर या टोळीची रीतभात टिपायची. बायनाबाईंनी विचारलं, माणसांचे फोटो कावून काढत न्हाई? म्हटलं, माणसं फोटोपुरती हसतात.

६ फेब्रुवारी
आज लई गोड प्रकार. नवं पिलू एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर, बारशात फिरतं तसं. आई निवांत, बहिणीकडून उवा वेचून घेत बसलेली. आमची मंडळी, मनकर्णा असती तर चूल विसरून बघत राहिली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

११ फेब्रुवारी
पिलू गेलं. विजेच्या तारेला चिकटलं. आई त्याला छातीशी धरून हिंडते, माशा वारते. दोनच फोटो काढले, कॅमेरा पिशवीत घातला.

१४ फेब्रुवारी
अजून सोडत नाही. दुपारी भिंतीला टेकून तिचा डोळा लागला, पिलू मांडीवरून घसरलं. हळूच उचललं, खोलीमागच्या शेताच्या बांधाच्या कडेला पुरलं. मीठ घातलं, वर दगड ठेवला. आईला जागा सांगू नये, जीव गुंतत नाही, असं आमची जुनी माणसं म्हणायची.
आमचं दोन महिन्यांचं बाळ गेलं तेव्हाही गावी, दिंद्रुडला, मी हेच केलं. मनकर्णेचा डोळा लागला होता. तिनं शिवलेल्या लाल कुंचीसकट मांडीवरून काढून नेलं. कुठं ठिवलंय, चाळीस वर्षं विचारत राहिली, शेवटच्या दिवशीसुद्धा. मी नाही सांगितलं.

१५ फेब्रुवारी
वानरीण सकाळपासून उंबऱ्यावर. ओरडत नाही, नुसती माझ्या हातांकडं बघते. बायनाबाई म्हणाल्या, "लेकरू कुठं ठिवलंय ते तिला दावा, दादा. आईला फसवू न्हाई." मी कॅमेऱ्याची काच पुसत बसलो.

१६ फेब्रुवारी
आजच्या फोटोत वानरिणींच्या मधे एक बाई. पाठमोरी. हिरवं लुगडं. फोटो काढताना तिथं कुणीच नव्हतं.

१७ फेब्रुवारी
आजच्या फोटोत ती बाई जवळ. वानरीण तिच्या पांढऱ्या केसांतून उवा वेचतेय. लुगड्याचा काठ ओळखला, मीच बीडहून आणलेलं लुगडं— मांडी रिकामी, हात पसरलेले—

१८ फेब्रुवारी, भर दुपार
टिकाव घेऊन बांधावर आलो. पिलू तिच्या आईला परत देतो. वही खिशातच आहे. दगड सरकवला—
पिलू नाही.
लाल कुंची. टाके मनकर्णेचेच. दिंद्रुडची माती तिला, काळी— आणि कुंची गरम, आताच कुणी पांघरलेली—
टोळी गोल बसलीय. सगळ्या माझ्या हातांकडं बघतायत.
मागून आवाज आला. "आवो, कुठं ठिवलंय?"
मागं बघवत नाही. लिहून देतो. मनकर्णे, ऐक. आपल्या मळ्यातली विहीर, तिच्या उगवतीला बाभूळ, बाभळीपासून सात पावलं, तिथं