चूलबंद आवतण

माय,

तुला पत्र लिहायला बसले आणि पहिलं हेच आठवलं, की तुला वाचता येत नव्हतं. लग्नानंतर चिखलीहून मी टाकलेलं कार्ड तू बाबांकडून वाचून घ्यायचीस, आणि त्यांनी एखादी ओळ गाळली की तुला बरोबर कळायचं. "अजून काहीतरी लिहिलं असन तिनं," म्हणायचीस. हे पत्र तर बाबांच्या हातात देण्यासारखंही नाही. तरी लिहिते, कारण जे झालं ते सांगावं असं घरात दुसरं कुणी उरलेलं नाही.

बाबांची पंचाहत्तरी झाली. त्यांना हार नको होते, केक नको होता. "दोघंही पोरं एका अंगणात जेवाले पाह्यजेत, बाकी तुमाले काय करायचं ते करा," एवढंच म्हणाले. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तुला औरंगाबादला न्यावं असं दादा म्हणत होता, बुलडाण्याच्या दवाखान्यातच राहू द्यावं असं धाकटा. तू कुणाचा निकाल लागायची वाट पाहिली नाहीस, आणि तेव्हापासून दोघंही 'माय तुझ्यामुळं गेली' म्हणत एकमेकांकडे पाठ करून बसलेत. दादानं आपल्या देऊळघाटातच पलीकडच्या गल्लीत घर बांधलं. बाबा राहतात धाकट्याकडे. एका गावात राहून दोन भाऊ इतकी वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत. तू असतीस तर दोघांच्याही पाठीत लाटणं घातलं असतंस.

धाकट्यानं केटररला भाव विचारला आणि नुसताच घाम पुसला. मग मी पदर खोचला. म्हटलं, घरीच करू आणि बुफे करू. वाढपी नकोत, पंगतीमागून पंगत उठवायची घाई नको. ज्याला जमेल तेव्हा तो येईल, ताट घेईल, वाढून घेईल. बेत असा धरला की निम्मं काम आदल्या दिवशीच उरकावं. कणकेच्या बट्ट्या वाफवून झाकून ठेवायच्या, सकाळी कापून तळायच्या. वांगी रश्शाची, कारण भरली वांगी करायची तर भरायलाच चार बायका बसवाव्या लागतात. वरण, भात, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि गोडाला बुंदी. ताटं बिछायतवाल्याकडून भाड्यानं आणली, टेबलं शेजाऱ्यांची, त्यांवर तुझी दोन जुनी पातळं अंथरली. वरणाचं पातेलं उकळत्या पाण्याच्या घमेल्यात ठेवलं म्हणजे ते शेवटपर्यंत गरम राहतं. आणि पाणी ठेवलं लांब, लिंबाखाली, म्हणजे जेवण झालेला माणूस आपसूक बाजूला होतो. मला माझंच फार कौतुक वाटत होतं. पण बुफेचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. पंगतीत दोघा भावांना मांडीला मांडी लावून बसावं लागलं असतं, एकाला दुसऱ्याच्या पानात वाढावं लागलं असतं. बुफेत एक जण लिंबाखाली आणि दुसरा गोठ्यापाशी उभा राहू शकतो. अंगण एकच. बाबांचीही इच्छा पुरी.

आवतण सगळ्यांना मोबाइलवर गेलं. दादाला मात्र मी स्वतः फोन केला. म्हटलं, "दादा, चूलबंद आवतण आहे बरं. त्या दिवशी वहिनीनं चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी इकडंच यायचं." तो म्हणाला, "हाव. येतो." फोन ठेवून मी तिथंच भिंतीला टेकून रडले.

त्या दिवशी सगळं ठरवल्यासारखं झालं. मामा आल्याआल्या म्हणाले, "उभ्यानं तं बैल खातात बे!" आणि मग उभ्यानंच तीनदा बट्टी घेतली. दुपारी मठ्ठ्याला दही कमी पडतंय असं वाटलं, म्हणून मी स्कूटीवर डेअरीकडे निघाले. दादाच्या घरावरून गेले. तो ओट्यावर बसला होता, पांढरा कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, बाजूला वहिनी नव्या लुगड्यात. मी गाडी हळू केली, हात केला, "या बरं लवकर!" म्हटलं. त्यानं मान हलवली. बाबा अंगणात फाटकाकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. माणसं येत होती, पाया पडत होती, बुंदी गोड झाली म्हणत होती. चार वाजता आम्ही पातेली खरवडली. बाबांच्या ताटात अर्धी बट्टी तशीच होती. "बोलावूनही नाही आला," ते म्हणाले. "आता माह्या मयतीलेही सांगू नका त्याले."

दोन दिवसांनी चिखलीच्या स्टँडवर वहिनी भेटली. तिनं तोंड फिरवलं, मग स्वतःच मागं आली. "आमची चूल पेटलीच नाही त्या दिवशी," ती म्हणाली. "तुमीच म्हनलं होतं ना चूलबंद? हे सकायपासून कपडे घालून बसले. आता कोनी बोलवाले येईन, मंग येईन. पोरं भुकेनं रडाले लागले तं मी मुरमुरे देल्ले. ह्यायनं तेही नाही खाल्ले."

रीत तुला ठाऊकच आहे. आवतण आदल्या दिवशी, आणि पान तयार झाल्यावर घरी जाऊन बोलावणं. त्याशिवाय आपल्याकडे शहाणा माणूस उठत नाही, आणि रुसलेला तर नाहीच नाही. हे मला कोण शिकवणार? मी आठ-नऊ वर्षांची असेन. धाकट्याच्या बारशाला तू मला काकांकडे पिटाळलंस आणि मी रस्त्यावरूनच "काका, जेवाले चला!" ओरडून परत आले. तू हातातली पळी ठेवलीस, माझं बखोट धरलंस आणि मला फाटकापर्यंत नेलंस. "रस्त्यावरून कुत्र्याले बोलावतात. उंबऱ्याच्या आत जाय, त्यायच्या पाया पड, अन् संगं घेऊन ये." काका त्या वेळी बोलत नव्हते आपल्याशी. तरी आले.

मी दादाकडे गेले, माय. उंबऱ्याच्या आत गेले, पाया पडले. तो म्हणाला, "तुह्यावर राग नाही मले. पन बापाले एक मानूस पाठवता नाही आला? काऊन?" मग बाबांना सांगितलं की आपलंच चुकलं, कुणी गेलं असेल असं धरून मी कामात विसरले. ते म्हणाले, "बापाच्या घरी याले बोलावनं कायले लागते?" दोघांचंही म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच आता काही व्हायचं नाही हे मला दिसतं. बाबांनी अंगणात बसणंच सोडलंय. डॉक्टर आता त्यांच्याशी न बोलता धाकट्याला बाजूला घेऊन बोलतात. पुन्हा अंगणात मांडव पडेल तो बाबांच्या तेरवीलाच पडेल, आणि त्याही वेळी दादाला बोलवायला कोण जाणार, यावरून घरात भांडण होईल. मी कुणाला समजावणार? मला कुणी समजून घेत नाही आणि माझ्यातही आता तेवढी ताकद नाही.

सगळे म्हणतात, बाईची काय चूक, एवढ्या गडबडीत कुणीही विसरलं असतं. मी ऐकून घेते. पण मी विसरले नव्हते. दही घेऊन परत आले तेव्हा बाबांनी मला खुर्चीजवळ बोलावून हळूच विचारलं होतं, "थोरल्याच्या घरी कोनी गेलं का बोलवाले?" समोर सगळं इतकं सुरळीत चाललं होतं. धाकटा कितीतरी दिवसांनी मोकळा हसत होता. दादा आला तर आता काहीतरी होईल, कुणाचा तरी आवाज चढेल, अशी मला धास्ती वाटत होती. आणि तो अजून आला नाही म्हणून, माय, मला हायसं वाटत होतं.

मी बाबांना म्हटलं, "हाव, गेलं."